डिकीतला लाल दिवा

बहिणीचा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीत सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. मेव्हण्याच्या नव्या गाडीतला अॅम्प्लिफायर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. तू शाळेत वीज शिकवतोस, तर येऊन बघ, असं तिचं म्हणणं. एवढ्यासाठी एसटीने मालवणला यायचं का, अशी मी कुरकुर केली. ती म्हणाली, "दादा, तो वाजलो नाय तर हे बोटीर जातले."

मेव्हणा व्यापारी जहाजावर इलेक्ट्रिशियन. लग्नानंतरची निम्मीअधिक वर्षं त्याने समुद्रावर काढलेली. या खेपेला तो आला तेव्हा बहिणीने आता पुरे म्हणून हट्टच धरला, आणि त्याने पर्यटकांना फिरवण्यासाठी सात जणांची गाडी घेतली. गाडी खासगी, तरी गणपतीत तिचं लोकार्पण झालं. पंचायतीच्या एका माजी सदस्याने फीत कापली, कोकणच्या पर्यटनाला आज चाकं लागली असं जाहीर केलं, शाल-श्रीफळ घेतलं आणि त्याच गाडीतून घरी गेला. गणपतीपासून त्या गाडीला मिळालेलं हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक.

मग मेव्हण्याने घरात सांगितलं की जेटीवरच्या दुसऱ्या गाड्यांत दोन-दोन सबवूफर धडधडतात, मुंबई-पुण्याची पोरं त्याच गाड्यांत बसतात. आपली गाडी तशी वाजली तर मी राहतो, नाही तर जातो. आमच्याकडे असे प्रश्न देवळात कौल लावून विचारतात. मूर्तीला चिकटवलेली कळी उजवीकडे पडली की होकार. याने ते काम एका यंत्रावर सोपवलं होतं. बहिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. कळी उजवीकडे पडावी एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिने मला बोलावलं होतं.

डिकी उघडून पाहिली. अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर जेवढे वॅट छापले होते तेवढे खरे असते तर वाडीतले सगळे पंप त्यावर चालले असते. त्याला दोन चॅनल. एकाचं धन टोक आणि दुसऱ्याचं ऋण टोक घेऊन दोन्ही चॅनल एक करायचे, याला ब्रिज करणं म्हणतात. मग जोर वाढतो. पण अशा जोडणीत समोरचा रोध चार ओहमच्या खाली चालत नाही, हे पुस्तिकेत जाड अक्षरांत होतं. मेव्हण्याने असा ब्रिज करून त्यावर चार-चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले होते. म्हणजे दोन ओहम. जीव वाचवायला अॅम्प्लिफायर बंद पडत होता. लाल दिवा तेच सांगत होता.

मी दोन्ही एकसरीत जोडले. आठ ओहम. आवाज थोडा कमी होईल, असं मेव्हण्याला सांगितलं. तो जांभ्याच्या पायरीवर बसून बघत होता. दिवा हिरवा झाला. डिकीचं झाकण थरथरलं, माडावरचे कावळे उडाले, आणि बहीण पदराने तोंड झाकून आत पळाली. दुपारी तिने मोरी मासा केला, त्याला आवडतो तसा. तो दोन घास खाऊन उठला. गरम होतंय, म्हणाला. मी त्या दिवशी मुक्काम केला. शाळेत तीच तीच गणितं शिकवणाऱ्या माणसाच्या हातून प्रत्यक्षात काही वाजलं, याचं मला इतकं अप्रूप होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

सकाळी अंगणात आलो तर डिकी उघडी. मेव्हणा स्क्रूड्रायव्हर घेऊन आत वाकलेला. एकसरीतल्या वायरी सोडवून त्याने पुन्हा समांतर लावल्या होत्या. दिवा लाल.

तेव्हा कुठे मला सुचलं. हा माणूस जहाजाचे जनरेटर सांभाळतो. भर समुद्रात अख्ख्या बोटीचा उजेड याच्या हातात असतो. हा दोन ओहम आणि आठ ओहममध्ये चुकेल?

मी विचारायच्या आत तोच बोलला, माझ्याकडे न बघता. "दादानु, हंय माका झोप येना नाय. जेटीर हुबो रवान 'या या' म्हणूक जमना नाय. तिच्या तोंडार कसा सांगू? ह्या मशिनीन सांगितला आसता तर..."

तेवढ्यात बहीण चहा घेऊन बाहेर आली. तिने दिवा पाहिला, त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला. कपबश्या बॉनेटवर ठेवल्या.

"दादा," तिने मला विचारलं, त्याला नाही, "ह्येंनी मुद्दाम केल्यानी?"

वायर सैल झाली असेल, मी म्हणालो.

"मग परत बसव."

मेव्हण्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. चार स्क्रूंचं काम. ती हलली नाही. शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत माझ्या डोक्यावर उभी राहिली. मग तिने त्याला आत बसायला सांगितलं. तो चालकाच्या जागेवर बसला आणि त्याने बटण दाबलं. हिरवा. बॉनेटवरच्या कपबश्या खडखडायला लागल्या, चहा हिंदकळून बशीत आला. तिने खिडकीतून आत वाकून, त्या धडधडीवर आवाज चढवून म्हटलं, "ऐकलात? वाजता. आता रवा."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तो काहीतरी बोलला. बरंच काही; ओठ हलत होते. आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही, ना मला, ना तिला. बटण त्याच्या हाताशी होतं. ती खिडकीतून हात घालू शकली असती. मीही दोन पावलांवर होतो.

आवाज कमी करायला कुणीच हात पुढे केला नाही.