तौनोची वाकडी तार

तौनो हट्टी माणूस, आणि त्याचा सगळा हट्ट पितळेपाशी येऊन थांबायचा. बापाने मागे ठेवलेली शिकारीची रायफल अशा मापाची, की तिची काडतुसं बनवणं कारखान्यांनी केव्हाच सोडून दिलेलं. दुकानात मागायला गेलं की काउंटरवरचा माणूस कीव आल्यासारखा बघायचा. शेवटी तौनोने दुकानाचं नावच टाकलं. जुन्या लष्करी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मिळवायच्या, त्यांची तोंडं रुंद करायची आणि एकेक पुंगळी पुन्हा पुन्हा भरायची, हेच त्याचं वेड होऊन बसलं.

पुंगळ्या निवडताना तो सोयरीक जमवायला बसल्यासारखा चिकित्सक व्हायचा. बुडावरचा छाप एकच हवा, वजन सारखं हवं, तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी भंगारात. तोंड मऊ करायला ती आचेवर धरायची तीही दिवेलागणीच्या अंधुक उजेडात, म्हणजे पितळेचा रंग नेमका कुठवर बदलला ते कळतं. आणि सगळ्यात शेवटी तार. टोकाशी वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालायची आणि आतल्या भिंतीवरून बुडाजवळ हळूच ओढायची. बार उडवून उडवून पितळ तिथेच ताणतं, आतून झिजतं, बाहेरून मात्र चकचकीत दिसत राहतं. तार अडखळली की पुंगळी बाद. नाहीतर एखाद दिवशी ती रायफलीतच तुटते आणि पेटलेला वायू मागे उसळतो, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे.

म्हणून तौनो सगळ्यांना सांगायचा, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका रे. बोटं खोटं बोलत नाहीत."

ही बोटं म्हणजे त्याचा अभिमान. सारी उमर जंगलात मोटरची करवत धरून झाडं पाडलेली. थंडीत ती मेणबत्तीसारखी पांढरी पडायची, पण कशाला म्हणून भ्यायची नाहीत. शिकार मंडळाच्या झोपडीत चुलाण्यावर कॉफीची काळीकुट्ट किटली उकळायची, तेव्हा बाकीचे हातमोजा शोधत बसायचे आणि तौनो उघड्या हाताने तिची कडी धरून सावकाश सगळ्यांचे पेले भरायचा. "चिमटा आला रे आपला," असं कोणीतरी म्हणायचं. तौनोला ते ऐकायला फार आवडे.

गुडघा गेल्यावर त्याने रायफल मुलीच्या, विर्पीच्या हाती दिली. विर्पी दुधाचा टँकर चालवायची, बोलायची कमी, नेम मात्र आजोबांचा उचललेला. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, ते तिने एका गोळीत पाडलं की मंडळातले म्हणायचे, "पोरीचा नेम आणि बापाची काडतुसं." तौनो तेवढ्यावर वर्षभर खूश असायचा.

त्या ऑक्टोबरातही सकाळी असंच झालं. तौनोने किटली उतरवली, पेले भरले, म्होरक्या योर्माने जागा वाटून दिल्या आणि सगळे जंगलात पांगले. विर्पीला दलदलीच्या कडेची जागा मिळाली. तौनोने या वर्षीच्या भरलेल्या काडतुसांची डबी आदल्या रविवारीच तिच्या हवाली केली होती.

झोपडीत उरले तौनो आणि सिल्वी. सिल्वी त्याची शेजारीण, विधवा, मंडळाचं जेवण तिच्याकडे. मोठ्या पातेल्यात मटणाचं सूप रटरटत होतं आणि ती बाकावर पायमोजा विणत बसली होती. तौनोने खिशातून पिशवी काढली. भरलेल्या काडतुसांच्याच लॉटातल्या उरलेल्या पुंगळ्या होत्या त्या, त्यानेच तपासून पास केलेल्या. तोंडाची कड घासायची तेवढी राहिली होती.

"एवढं काय कुरवाळतोस त्यांना?" सिल्वी म्हणाली. "बायकोला कधी एवढं कुरवाळलं होतंस का?"

"बायको भंगारात काढायची नसते. हिला काढावं लागतं."

"बघू ती तार. इतकी वर्षं बघतेय, मला पण कळू दे काय असतं आत ते."

तौनोला गंमत वाटली. त्याने एक पुंगळी आणि तार तिच्या हातात दिली, कशी ओढायची ते दाखवलं. सिल्वीने विणकाम मांडीवर ठेवलं, तार आत घातली, ओढली. पुन्हा ओढली.

"ही इथे अडकतेय," ती म्हणाली.

"अडकणार कशी, मी पास केलीय ती."

"अडकतेय रे. सुटलेल्या टाक्यावरून सुई जावी तशी. खड्डा आहे इथे."

तौनोने ती हिसकावूनच घेतली. तार घातली, ओढली. काहीच नाही, लोण्यातून फिरावी तशी तार सरळ वर आली. तो हसला, पण ते हसू ओठांवर टिकलं नाही. सिल्वीने तोवर दुसरी उचलली होती. "हिच्यात पण आहे," ती खाली मान घालून म्हणाली. तिसरीत नव्हता. चौथीत होता.

तो उठला आणि भिंतीवरची लोखंड कापायची करवत घेऊन आला. पुंगळी बाकाच्या फटीत दाबून धरली आणि उभी चिरली. उजेडात धरल्यावर बुडाच्या थोडं वर, आतल्या बाजूने, गोल फिरलेली खाच नुसत्या डोळ्यांनी दिसली. तिथे पितळ कागदाएवढं उरलं होतं.

तौनोने नखाने त्या खाचेवर घासून पाहिलं, मग बोटाने, मग दुसऱ्या हाताच्या बोटाने. दिसत होती ती, समोर होती, आणि बोटांना तिचा पत्ताच नव्हता. खाच राहू दे, आपण पितळेला हात लावलाय हेसुद्धा त्याला डोळ्यांनीच कळत होतं. हातात थरथरणाऱ्या करवतीने हे कधी केलं? कधीपासून आपण नुसतीच तार फिरवतोय आणि स्वतःलाच शाबासकी देतोय? आणि मग लख्खकन आठवलं, की याच लॉटातली काडतुसं या घडीला विर्पीच्या रायफलीत आहेत आणि तिचा गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला आहे.

कोपऱ्यात वॉकीटॉकी होती. जनावर उठवायचा हाका सुरू असताना तिच्यावर चकार शब्द काढायचा नाही, हा मंडळाचा सगळ्यात कडक नियम, आणि तो मोडणाऱ्यांना तौनोनेच आजवर फैलावर घेतलेलं. त्याने बटण दाबलं.

"तौनो बोलतोय. विर्पी, गोळी झाडू नकोस. माझी काडतुसं खराब आहेत. पुंगळ्या झिजल्यात. मला..." सारं गाव ऐकत होतं. "मला बोटांनी काही लागत नाही. मला कळलंच नाही. झाडू नकोस."

नुसती खरखर ऐकू आली. मग योर्माचा शांत आवाज, "ऐकलं, तौनो. सगळ्यांनी जागेवर थांबा. चालू द्या."

चालू द्या? याला कळलं नाही की काय? तौनोने पुन्हा बटण दाबलं, आणि तेवढ्यात दलदलीकडून बार ऐकू आला. जड, भरल्या घशाचा. त्या आवाजाची रायफल सगळ्या जंगलात एकच होती.

सिल्वी काहीतरी म्हणत होती, तौनोच्या कानात शिरत नव्हतं. त्याला फक्त विर्पीचा उजवा डोळा दिसत होता, लहानपणी ताप आला की पाणावायचा तो.

मग वॉकीटॉकी बोलली. "पडलाय. मोठा नर आहे. बाबा, मी ठीक आहे."

ती झोपडीत शिरली तेव्हा मागोमाग बाकीचेही आले. तौनोने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, लहान मुलीचा फिरवावा तसा. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तरी त्याने हात पुढे केला.

"पुंगळी दे."

विर्पी जरा घुटमळली, मग खिशातून काढून दिली. तौनोने ती खिडकीशी नेली. तोंडाखाली आचेचा निळसर पट्टा होता, पण अरुंद. त्याचा पट्टा पुंगळीच्या खांद्याच्या, म्हणजे ती जिथे निमुळती होते त्याच्या, खाली उतरायचा, कायम. हा दुसऱ्याच हाताचा होता.

"ही माझी नाही."

"नाही."

"माझी कुठायत?"

"घरी. गोदामातल्या डब्यात." विर्पी टोपी काढून हातात चुरगाळत होती. "आधीच्या वर्षांचीसुद्धा तिथेच आहेत, बाबा. मी माझी भरून आणते."

पोरीचा नेम आणि पोरीचीच काडतुसं. तौनोने योर्माकडे पाहिलं. योर्मा बुटाची नाडी सोडत होता, सुटलेलीच नाडी. बाकीचे सुपाच्या पातेल्याकडे बघत होते. वॉकीटॉकीवर त्याने जगबुडी झाल्यासारखं जे सांगितलं, ते ऐकून यातल्या एकालाही धक्का बसला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सिल्वीने इतक्या वर्षांत तार आजच मागितली होती.

"तूसुद्धा," तो तिला म्हणाला.

"कोणीतरी सांगायला नको का," सिल्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला दुसरं काही सुचलं नाही. आणि ती आज तुझी काडतुसं नेत नाही हे ठाऊक होतं, म्हणून धीर झाला."

तो विर्पीकडे वळला. "तुला कशावरून कळलं?"

विर्पीने चुलाण्याकडे पाहिलं. "किटलीवरून," ती म्हणाली. "आई गेली त्या वर्षी. तू कॉफी ओतत होतास, सगळे हसत होते, आणि मला तुझ्या हाताचं कातडं जळल्याचा वास आला."

तौनोने तळहात उलटा केला. सकाळचा कडीचा डाग तिथे होता, लालभडक, मधोमध फोड धरलेला. तो त्याने आत्ता पहिल्यांदा बघितला.

माणसं थंडीतून आली होती, पेले रिकामे होते, आणि किटली पुन्हा उकळायला लागली होती. सवयीने तौनोचा हात पुढे झाला आणि अर्ध्यातच थांबला. योर्माने स्वतःचा हातमोजा काढला आणि बाकावरून त्याच्याकडे सरकवला.

तौनोने तो चढवला, कडी धरली आणि पहिला पेला विर्पीचा भरला.