बाराही महिने चांदणी

उमरी तालुक्यातली निम्मी माणसं आमच्या गुरुजींनी जन्माला घातली, असं मी म्हणते तेव्हा ऐकणारे दचकतात. पण कागदोपत्री ते खरं आहे. गुरुजी आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर. शाळा उघडली की आयाबाया लेकरांना दाखल करायला आणत. जन्मतारीख विचारली की कुणी म्हणे ज्वारी हुरड्यात होती, कुणी म्हणे म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी सगळं मान डोलवत ऐकत आणि रजिस्टरात लिहीत, एक जून. मीही एक जूनचीच. आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला, आणि अजूनही त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोनवरून शुभेच्छा देतो.

निवृत्तीनंतर गुरुजी नांदेडला आमच्याच गल्लीत राहायला आले. घराणं ख्रिस्ती, रविवारचं चर्च कधी न चुकवणारं. पण रिकामपणी एवढी पुस्तकं वाचली की एका नाताळात, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, करंज्या तळत असताना गुरुजींनी जाहीर करून टाकलं, "प्रभू आज जन्मलेला न्हाई." बायबलात तारीखच दिलेली नाही, म्हणे. साल तरी? तेही पक्कं नाही. ज्याच्या जन्मापासून जग वर्षं मोजतं तो स्वतः त्या मोजणीच्या चार-सहा वर्षं आधीच जन्मला असावा, असं जाणकार सांगतात. काकूंच्या हातात झारा तसाच राहिला. गुरुजी मात्र खुर्चीत कोसळल्यागत बसले. "पंचवीस डिसेंबर म्हंजे प्रभूचा एक जून हाय. माझ्यासारख्याच कुण्या हेडमास्तरानं टाकलेला."

दुसऱ्या कुणी सण सोडून दिला असता. गुरुजींनी तो वर्षभर पसरवला. तारीख ठाऊक नाही म्हणजे कुठलाही दिवस तो असू शकतो, मग त्या दिवशी दार अंधारात कसं ठेवायचं? तेव्हापासून त्यांच्या दारावरची नाताळची कागदी चांदणी उतरलीच नाही. पावसात भिजली, उन्हात विटली, की गुरुजी नवी आणून लावतात. रिक्षावाले आमची गल्ली 'चांदणीवाली' म्हणूनच ओळखतात. मधूनच एखाद्या सकाळी गुरुजींना आतून वाटतं की आज तो दिवस असावा. एकदा ते ऐन मे महिन्यात वाटलं. नांदेडचा मे, पत्र्यावर पापड भाजावेत असं ऊन. गुरुजी डोक्याला ओला पंचा गुंडाळून दारोदार करंज्या वाटत होते. मागून काकू घाम पुसत म्हणाल्या, "वरसातून एकडाव असतोय लोकायच्या देवाचा वाढदिवस. आमचा पंधरा येळा येतोय." पण त्यांच्या हातची एकही करंजी तळताना फुटली नव्हती.

एकदा मला म्हणाले, "बाई, तुझ्या स्कूटीवर लोह्याकडं नेतीस का? धनगर उतरलेत." प्रभू जन्मला त्या रात्री मेंढपाळ उघड्या रानात मेंढरं राखत होते, एवढं बायबलात आहे. तेव्हा मेंढरं कोणत्या महिन्यात रानात बसतात ते विचारलं की झालं. दिवस कलताना आम्ही पोचलो. गुरुजींनी विचारताच म्हातारा धनगर म्हणाला, "खतासाठी कोणाच्या वावरात बसवायचीत मेंढरं?"

"वावर इथलं न्हाई. बेथलेहेमचं हाय."

"कोणत्या तालुक्यात येतंय?"

गुरुजींनी त्याला सगळी हकिकत सांगितली. धनगराने बिडी विझेपर्यंत ती ऐकली. मग म्हणाला, "आमची तर बारमाही उघड्यावरच ऱ्हात्यात, मास्तर. पर लेकरू कधी झालं ते मला काय पुसता? त्याच्या मायला पुसायचं व्हतं."

आम्ही परतीला लागलो. दोन्ही बाजूंना केळीची पानं संध्याकाळच्या वाऱ्यात संथ हलत होती आणि मला उगाच रडू येत होतं. माझी माय त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. मी कधी झाले, हे तिला विचारायचं राहूनच गेलं. रोज उद्या विचारू म्हणत गेले, आणि आता ते सांगणारं कुणीच उरलेलं नाही. गाडी चालवता चालवताच मी हे गुरुजींना सांगितलं. ते मागून एवढंच म्हणाले, "म्होरं खड्डा हाय, बाई." मला त्यांचा थोडा रागच आला.

पुढच्या एक जूनला सकाळीच दार वाजलं. फोनवर शुभेच्छांचा पाऊस चालू होता आणि दारात गुरुजी, इस्त्रीचा सदरा घालून. बसले, पाणी प्याले. म्हणाले, "लई दिवस आठवून राहिलो. रातच्याला सापडलं. तुझी माय तुला दाखल करायला आली तवा म्हणली व्हती, हरभऱ्याची भाजी खुडायला गेल्ते. दव लई पडलेलं, पानांची आंब हाताला लागलेली. कळा आल्या तशी वटीतल्या भाजीसगट घरी आले. हात धुवायला बी येळ भेटला न्हाई. त्याच आंबट हातानं पोरीला पयल्यांदा घेतलं."

मी विचारलं, "मग तुम्ही ते लिहिलं का नाही, गुरुजी?"

"रकान्यात मावत नव्हतं, बाई."

हरभऱ्याची भाजी म्हणजे थंडी. तारीख नाहीच कळली. पण मायचे हात कळले.

आता गुरुजी थकलेत. नावं विसरतात, कधी मलाही विसरतात. गेल्या थंडीत बाजारात हरभऱ्याची पहिली भाजी दिसली तशी मी एक जुडी घेऊन त्यांच्याकडे गेले. बोटांना आंबट वास लागला होता. काकू स्टुलावर चढून नवी चांदणी बांधत होत्या. गुरुजींनी माझ्याकडे, मग भाजीकडे बराच वेळ पाहिलं.

"आज कुणाचा वाढदिवस हाय?"

"माझा, गुरुजी," मी म्हणाले. "बहुतेक."

"मंग त्याचा बी असंल," असं म्हणून त्यांनी काकूंना करंज्या काढायला सांगितल्या.