उंबऱ्यावरची आत्या

माझ्या आत्याइतकं लोकांना तुच्छ लेखणारं माणूस मी पाहिलं नाही. आणि खरं सांगते, ते लोक त्याच लायकीचे होते.

मुंबईला कॅन्सरची इंजेक्शनं घेऊन आई जळगावला परतली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं : रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्यात, साधी सर्दीही जिवावर बेतेल. वडिलांनी नुसती मान हलवली. मग वरणगावहून त्यांची ही थोरली बहीण आली आणि उंबऱ्याशी पाट टाकून जी बसली, ती चार महिने हलली नाही.

समाचाराला रीघ लागायची. कुणी नाक ओढत, कुणी शेंबडं पोर कडेवर घेऊन. यांना कसली आलीय आईची काळजी! तिचे केस खरंच गेलेत का, तेवढं बघायचं होतं मेल्यांना. आत्या तोंडाला पदर लावून विचारी, "आठे काय तमाशा शे का, दखाले?" कुणी द्राक्षं आणली की ती शेजारच्या शेळीला जात. केळी तेवढी ती ठेवून घेई. म्हणे, "सालना आत कोनाना हात जास नही."

मलाही सूट नव्हती. शाळेतून आले की कोपरापर्यंत साबण, मगच आईचं तोंड दिसे. मी मनातल्या मनात आत्याला शिव्या घालायची.

एकदा वडिलांचे चुलते, नाना, खोकत खोकत मुक्ताईनगरचा अंगारा घेऊन आले. "सुनेच्या कपाळी मीच लावणार!" वडील निमूट बाजूला झाले. आत्या पाटावरच.

"नाना, खोकला तुमना शे, जीव तिना शे."

"या घराचं पाणी पिणार नाही मी!"

"तेबी उकाळेल शे. तुमले गोड लागाव नही."

शेवटची इंजेक्शनं राहिली होती. एका सकाळी आत्या दोनदा शिंकली. तशीच उठून अंगणात गेली, माझ्याकडून ट्रंक बाहेर मागवली आणि मला पाटावर बसवलं. आई खिडकीत रडत होती, "अक्का, हात तरी धरू द्या!"

"बरी व्हय, मंग धर," म्हणत आत्या बसस्टँडकडे निघाली.

वरणगावला तिचा ताप छातीत उतरला. तिचा निरोप आला : तुमच्या घरातलं कुणी इकडे फिरकायचं नाही. आम्ही फिरकलो नाही. आठवड्याभरात ती गेली.

सांत्वनाला तीच सगळी मंडळी आली, नाना सर्वांत पुढे. "शेवटी आपलीच माणसं लागतात हो," म्हणत खोकले. मी पाटावरून उठले नाही. "नाना, बाहेरच बसा," म्हटलं. वडील माझ्याकडे बघत राहिले, पण या वेळी नानांसाठी बाजूला झाले नाहीत.

पुढे आई खडखडीत बरी झाली. पण हात धरायला आत्या नव्हती.