आखाड्यावरच्या पोरींचा ऑटो

मंजुरीचा मेसेज आला तेव्हा मी शाळेच्या किचन शेडच्या दारात उभी राहून खिचडीचा तांदूळ मोजून देत होते. मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना म्हटलं, "आता तुम्हीच मोजून घ्या." ऑफिसात जाऊन खुर्चीत बसले ते दहा मिनिटं उठलेच नाही. माझ्या लेकीचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. दोन-अडीच महिन्यांचा घोर संपला होता, आणि त्यातला बराचसा मी माझ्या हातानं ओढवून घेतलेला होता.

आमची शाळा बोरीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. सरकारी, सातवीपर्यंतची. मी तिथली मुख्याध्यापिका. गावापासून चार किलोमीटरवर शेतात पंधरा-वीस घरं आहेत. अशा शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. तिथली छोटी शाळा पट कमी म्हणून बंद झाली आणि पाच पोरी आमच्याकडे आल्या. वाटेत ओढा, दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेली तूर. पोरींना एकटं कोण पाठवणार? म्हणून ऑटो लावलेला होता. त्याचं भाडं शाळेला मिळणाऱ्या स्थानिक अनुदानातून निघायचं. यंदा दिवाळीनंतर त्या अनुदानाला कात्री लागली. पत्र दोनच ओळींचं होतं, पण त्यात आमचा ऑटो गेला.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी. माणूस दिलदार, मिशीला मात्र फार जपणारा. त्यांची नात आमच्याच सहावीत. पत्र ऐकून ते म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी काय तोंड पाडून बसलाव? सप्त्यात पंगत देतो तसं करू. एक घर, एक दिवस."

आमच्या गावात हरिनाम सप्ताहात रोजची पंगत एकेका घराकडे असते आणि 'आजची पंगत अमक्याची' असं माईकवर पुकारलं जातं. तसाच ऑटो वाटून घेतला, ज्या घराचा दिवस त्यानं त्या दिवसाचं भाडं द्यायचं. चार दिवसांत यादी भरली. सोमवार किराणा दुकानदारानं मागून घेतला, महादेवाचा वार म्हणून. मी तर हरखून गेले. शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचाराच्या खाली मी स्वतः लिहायची, 'आजचा ऑटो', आणि पुढं घराचं नाव. अक्षर माझं चांगलं आहे. फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, वरून साहेबांचे अंगठे यायचे. मला ते अंगठे आवडायचे. आता सांगायला लाज वाटते, पण आवडायचे.

पुढं डिसेंबरात माहिती भरायची एक लिंक आली. आम्हाला रोज एखादी तरी लिंक येते, कधी शौचालयांची, कधी झाडांची. ही होती वाहतुकीची. त्यात एक रकाना होता, 'सध्याची व्यवस्था'. मी झोकात लिहिलं, 'ग्रामस्थांच्या उत्स्फूर्त सहभागातून वाहतूक सुरळीत सुरू आहे.' पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या कुठल्याही शिक्षकानं हेच लिहिलं असतं. लोकसहभाग म्हटलं की आमचा हात आपोआप चालतो. त्याची शाबासकी मिळते ना.

जानेवारीत कळलं ते असं. स्थानिक अनुदानात जे कमी पडलं ते राज्य सरकार भरून देणार होतं, आणि ती लिंक त्याचसाठी होती. ज्यांची सोय नाही त्या शाळा यादीत आल्या. आमची सोय उत्स्फूर्त आणि सुरळीत होती, म्हणून आमच्या नावापुढं 'गरज नाही'.

केंद्रप्रमुखांना फोन केला. ते माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलायला लागले की सासरे वाटतात. म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलं ते आम्ही खरं मानलं. आता दुरुस्तीला आठ दिवस आहेत. समितीचा ठराव पाठवा, की गावाला हा खर्च यापुढं झेपणार नाही. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत." फोन ठेवला आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

बैठक बोलावली. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. ठरावाचा मसुदा वाचला. अध्यक्षांनी हात वर करून मला थांबवलं.

"झेपणार न्हाई, हे शब्द काढा मॅडम."

"ते शब्द काढले तर ठरावात राहतं काय?"

"आमच्या गावानं न्हाई म्हणलं असं कागदावर नको. बाजूचे गाववाले काय म्हणतेल? ह्यांची दानत चार पोरींच्या ऑटोपुरती बी न्हाई."

"पाच पोरी आहेत," मी म्हणाले. आवाज चढला माझा. "आणि मागच्या आठवड्यात दोन दिवस ऑटो आला नाही. ज्यांची पाळी ती दोन्ही घरं लग्नाला गेली होती. त्या दोन्ही दिवशी एकही पोरगी शाळेत नव्हती."

"लग्नसराई हाय. चालायचंच. आमी बघून घेऊ."

बाकीचे मान डोलवायला लागले. दुकानदार म्हणाला, त्याचा सोमवार तर एकदाही चुकला नाही. खरंच होतं ते. सगळे खरंच बोलत होते आणि सही कोणी करत नव्हतं. मी कागद घडी करून टेबलावर ठेवला. मनात आलं, पाच पोरींची शाळा माझ्या एका ओळीनं आणि ह्यांच्या मिशीनं बुडणार.

तेव्हा दाराजवळ बसलेली आखाड्यावरची बाई बोलली. पालक सदस्य म्हणून तिला समितीत घेतलेलं, पण दोन वर्षांत तिनं तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. यायची, सही करायची, चहा न पिता जायची. सहावीतल्या पोरीची आई.

"गावानं दिलं ते आमी इसरणार न्हाई," ती म्हणाली. "पर माझी पोरगी म्हणायली, आई, मी आता शाळंला जात न्हाई."

"काहून?" अध्यक्षांनी विचारलं.

"सकाळी ऑटोत बसल्या बसल्या इचारती, काका, आज कोणाचा ऑटो हाय? ज्याचा असल त्याच्या घरची पोरगी त्या दिवशी शाळंत बोलती, आज आमच्या ऑटोत आलीस ना तू. मग माझी पोरगी तिचं दप्तर उचलती. पाणी आणून देती. कोणी सांगितलं न्हाई तिला. आपल्या आपण करती. मी इचारलं तर म्हणती, करावं लागतंय."

ती खाली बघूनच पुढं बोलली, "कोणाला नाव ठेवायला न्हाई आले मी. लेकरं हायत, बोलतेत. पर सरकारचा ऑटो असला तर तिला कोणाचं काही लागणार न्हाई, एवढंच."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घराचं नाव फळ्यावर सुवाच्य अक्षरात कोण लिहीत होतं? ती पोरगी वर्गात दुसऱ्या बाकावर बसते, माझ्या गणिताच्या तासाला. मधल्या सुट्टीत ती दुसऱ्या पोरीचं दप्तर घेऊन चाललेली मी पाहिली होती आणि वाटलं होतं, काय गोड मैत्री आहे. शिक्षकाला मुलं वाचता आली पाहिजेत असं मी शाळेत सरावाला येणाऱ्या डी.एड.च्या पोरांना सांगत असते.

अध्यक्षांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. ते नातीचा विचार करत होते हे कोणालाही कळलं असतं. मग म्हणाले, "माझा ऑटो गुरुवारी होता. गुरुवारी बी उचलती?"

तिनं खाली बघूनच होकाराची मान हलवली.

"लिवा मॅडम," ते म्हणाले. "झेपत न्हाई लिवा. ठळक लिवा." आणि माझ्या हातातून पेन ओढून सगळ्यांत आधी त्यांनीच सही केली. त्यानंतर कागद दोन मिनिटांत फिरून आला. त्या बाईनं सही केली आणि त्या दिवशी चहा पण घेतला.

दुसऱ्या दिवशीपासून मी फळ्यावर फक्त सुविचार लिहू लागले. ठराव गेला, दुरुस्तीची लिंक मी तीनदा वाचून भरली. 'सध्याची व्यवस्था' ह्या रकान्यात कोरडं लिहिलं, 'अनियमित'. तेवढा एक शब्द लिहायला मला पंचवीस वर्षं लागली असं म्हटलं तरी चालेल. मग वाट पाहणं. ह्या काळात गावानं ऑटो चालू ठेवला, हेही सांगितलं पाहिजे. अध्यक्षांनी लग्नाच्या तिथी बघून मोकळे दिवस स्वतःच्या अंगावर घेतले आणि नातीला घरी काय सांगितलं कोण जाणे, तिनं वर्गात ऑटोचा विषय पुन्हा काढला नाही. तरी ती पोरगी गप्प गप्पच असायची. दप्तर उचलणं लगेच थांबलंही नाही. मी दोघींना वेगळ्या बाकांवर बसवून पाहिलं, उपयोग झाला नाही.

तो मेसेज फेब्रुवारीत आला. दुरुस्तीच्या यादीत आमचं नाव होतं आणि वर्ष संपेपर्यंतच्या ऑटोची तरतूद राज्याकडून झाली होती. गावात सांगितलं तर दुकानदार जरा हिरमुसला. "मग आमच्या सोमवाराचं काय?" म्हणाला. म्हटलं, शाळेला खडूचे चार डबे द्या, आणि कोणाला सांगू नका. त्यानं दिले. सांगितलं की नाही ते महादेवाला माहीत.

नवा ऑटो सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. परिपाठ झाला, मी हजेरी घेऊन ऑफिसात येते न येते तोच ती पोरगी दारात उभी. कपाळावर आठ्या, दप्तर एकच, स्वतःचं.

"मॅडम, त्या ऑटोवाल्याला बोला तुमी," ती म्हणाली. "आज पुन्हा उशीर केला. माझा अर्धा परिपाठ गेला. आणि मागची सीट फाटलेली हाय, टोचती."

ऑटो गावाचा होता तेवढ्या सगळ्या दिवसांत तिनं एक तक्रार केली नव्हती. मी म्हटलं, "बोलते." ती गेली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, "आत्ता बोला."

मी तिच्यासमोरच फोन लावला.