शिशाचा दुसरा तुकडा

नवीन आलेलं पोरगं वर्कशॉपच्या दारातून आत डोकवायचं आणि विचारायचं, "मावशी, मिस्त्री कुठे गेलेत?" मग मावशी हातातला झाडू भिंतीला टेकवायच्या, "थांबा, बोलावते," म्हणून आतल्या खोलीत जायच्या, डोळ्यांवर गॉगल चढवून परत यायच्या आणि लेथसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "हं, बोला. काय करायचंय?" पोरगं कानकोंडं व्हायचं. एकतीस वर्षांत ही चेष्टा त्यांनी किती जणांची केली असेल याची मोजदाद नाही, आणि तिचा त्यांना अजून कंटाळाही आला नव्हता.

मावशी म्हणजे विद्यापीठाच्या वर्कशॉपच्या टर्नर, लेथच्या फिरत्या यंत्रावर धातू कातून घडवणाऱ्या. संशोधन करणाऱ्यांना बाजारात न मिळणारी जी काही उपकरणं लागतात, ती बनवून देणं हे त्यांचं काम. सुरुवातीला "बाई? लेथवर?" म्हणून नाक मुरडणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले, मावशी मात्र तिथेच राहिल्या. विद्यापीठाची कुठली इमारत कुठल्या विषयाची, हे त्यांना आजही धड सांगता आलं नसतं. त्यांना कुठे जावं लागतच नसे. सगळं विद्यापीठ आपणहून त्यांच्या दारात यायचं, तेही चिठ्ठीवर काढलेलं वेडंवाकडं चित्र घेऊन.

त्यांचा एक नियम होता. चित्र बघण्याआधी त्या विचारायच्या, "शोधताय काय?" उत्तर कळेपर्यंत मापाला हात लावायच्या नाहीत. नियमाचं कारण त्या सगळ्यांना असं सांगत, की काम नीट व्हावं म्हणून विचारते. खरं कारण एवढंच, की त्यांना राहवत नसे.

त्यामुळे मावशींना जे माहीत होतं ते कुलगुरूंनाही माहीत नसेल. मुंग्या कधी एकमेकींचा रस्ता अडवत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, कारण मुंग्यावाल्याला त्यांनी काचेचा दोन मजली पूल करून दिला होता. जुन्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेला आवाज का पोचत नाही, हे त्यांना माहीत होतं, कारण आवाजवाल्यासाठी त्यांनी अख्खं नाट्यगृह टेबलावर मावेल एवढं केलं होतं, खुर्च्यांसकट. पोथीवाल्या बाईंसाठी त्यांनी एक लाकडी पाळणा केला होता. त्यात जुनी पोथी ठेवली की ती बेताचीच उघडते, पाठ मोडत नाही. माणसांची नावं मावशी लक्षात ठेवत नसत. ज्याचं जे खूळ तेच त्याचं नाव.

संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा चहा ठेवायचा. तो निवृत्त बसड्रायव्हर, जन्मभर एकाच रस्त्यावरून गेला-आला, त्यामुळे त्याला या गोष्टींचं फार अप्रूप. "काय गं, आज काय शोधतायत?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मुंग्यांचं ऐकल्यावर तर तो आठवडाभर म्हणत होता, "हॉर्न नाही, सिग्नल नाही, तरी जमतं म्हणजे कमाल आहे!"

मागच्या वर्षी अर्थशास्त्राची एक मुलगी आली. अर्थशास्त्राला उपकरण कशाला लागतं, या विचाराने मावशींचे कान आधीच टवकारले होते.

"शोधतेयस काय?"

मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "आपल्यावर अन्याय होतोय हे माणसाला कळायला किती वेळ लागतो, ते."

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. असा प्रश्न त्यांच्याकडे कधी आला नव्हता.

मुलीला हवी होती एक फिरती चकती. भिंतीवर उभी टांगायची, अर्धी निळी, अर्धी पांढरी, वर एक काटा. समोर बसलेल्या माणसाने फिरवायची. काट्याखाली निळं आलं तर त्याला एक गोटी, पांढरं आलं तर त्याच्याकडची एक गोटी परत. त्याला सांगायचं, की दोन्ही रंगांना सारखीच संधी आहे. खरी गोम अशी, की चकती लबाड हवी. शंभरात साठ वेळा पांढरंच आलं पाहिजे. माणूस किती फेऱ्यांनंतर "ही चकती खोटी आहे" म्हणून उठतो, ते ती लिहून ठेवणार होती. चाळीस फेऱ्या होऊनही जो उठला नाही, त्याच्या लक्षात आलं नाही असं धरायचं.

"म्हणजे मी मुद्दाम वाकडं काम करायचं," मावशी म्हणाल्या.

"हो मावशी. पण नीट वाकडं."

हे मावशींना फार आवडलं. त्यांनी निळ्या बाजूच्या कडेला मागून भोक पाडून शिशाचा तुकडा बसवला. ती बाजू जड झाली की खाली येणार आणि पांढरी वर. शिसं कानशीने घासत, फिरवून बघत, पुन्हा घासत त्यांनी दोन दिवस घालवले. शेवटी शंभरात एकसष्ट आलं. त्यांनी मागे फळी लावून चकतीला चिठ्ठी बांधली, "शंभरात साठ", आणि ती रंगाला दिली. चार दिवसांनी मुलगी येऊन घेऊन गेली. तिने काही तपासलं नाही. मावशींनी केलंय म्हटल्यावर तपासायचं काय, असं सगळं विद्यापीठच म्हणायचं.

आठ महिन्यांनी, एका सोमवारी, मुलगी चकती घेऊन परत आली. काटा वाकला होता. चेहरा नुसता फुलला होता.

"मावशी, दोनशे माणसं झाली! आणि लोक किती हुशार असतात माहितेय? दहापैकी सात जणांनी ओळखलं. साधारण चौदाव्या फेरीला उठतात. शुक्रवारी परीक्षकांसमोर सगळं मांडायचंय. ते चकतीसुद्धा बघणार आहेत. काटा तेवढा सरळ करून द्या."

ती गेली. मावशींनी काटा सरळ केला. मग फिरणारी कुठलीही वस्तू हातात आल्यावर त्या जे करतात, तेच त्यांनी केलं. टेबलावर दोन धारदार पोलादी पट्ट्या शेजारीशेजारी उभ्या बसवलेल्या होत्या. चकतीचा दांडा त्यांनी त्यांच्यावर आडवा ठेवला. एखादी बाजू जड असेल तर ती गपकन खाली येते. चकती जागची हलली नाही. मावशींनी ती पाव फेरा फिरवून सोडली. तिथेही ती तशीच थांबली.

"शाबास!" मावशी स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग त्यांना आठवलं.

ही चकती थांबायलाच नको होती.

त्यांनी मागची फळी काढली. निळ्या बाजूला शिशाचा तुकडा होता तिथेच होता. पांढऱ्या बाजूला, बरोबर समोर, शिशाचा दुसरा तुकडा होता. सफाईने बसवलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला. असं काम या इमारतीत दुसरं कोणी करत नव्हतं. त्यांनी कामाची वही काढून आठ महिन्यांपूर्वीचं पान उघडलं. चकती रंगवून परत आली त्या दिवशीच्या ओळीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बॅलन्स केली. त्या दिवशी तीन पंखे, डॉक्टरी विभागाचं एक फिरतं यंत्र आणि ही चकती, सगळं ओळीने त्यांच्या हाताखालून गेलं होतं. फिरणारी वस्तू डगमगती बाहेर जाऊ द्यायची नाही, ही तीस वर्षांची सवय. चिठ्ठी बहुधा रंगवतानाच गळून पडली होती; डोकं दुसरीकडे होतं, हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

म्हणजे चकती सरळ होती. आठ महिने ती कुणालाही फसवत नव्हती. आणि मुलगी शुक्रवारी सांगणार होती, की फसवणूक लोकांना चौदाव्या फेरीला कळते.

मावशी स्टुलावर बसल्या. मुंग्यावाला येऊन गेला, त्याला काय उत्तर दिलं ते त्यांना आठवलं नाही. मार्ग सोपा होता, म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटत होती. दुसरा तुकडा काढायला दहा मिनिटं लागली असती. परीक्षकांनी शुक्रवारी चकती फिरवली असती, शंभरात साठ आलं असतं, मुलीला पदवी मिळाली असती आणि मावशींचं नावही स्वच्छ राहिलं असतं.

दुपारी पोथीवाल्या बाई पाळण्याचा एक सैल स्क्रू घेऊन आल्या. मावशींनी तो बसवता बसवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, जुन्या पोथ्या उतरवून काढणाऱ्यांच्या चुका होत असतील ना?"

"होत असतील? अहो, चुका नसत्या तर मी उपाशी मेले असते! एकाने एक ओळ गाळली, की पुढच्या शंभर वर्षांत ती ओळ सगळीकडे गाळलेली सापडते. त्यावरूनच तर कळतं, कुठली पोथी कशावरून उतरवली."

"आणि एखाद्याने चूक झाकली असेल तर?"

"तो माझा शत्रू," बाई हसून म्हणाल्या. "गाळलेलं दिसतं. पदरचं भरून नीटनेटकं केलेलं दिसत नाही. त्या एकामुळे माझी चार वर्षं वाया गेलीत."

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "काढून टाक तो तुकडा. पोरीचं भलं होतंय, तुझी निवृत्ती दीड वर्षावर आलीय. कोणाचं काय बिघडतंय?"

"अहो, पण ते खरं नाही ना."

"तुला काय करायचंय? तू काय परीक्षक आहेस?"

मावशी कपबश्या उचलू लागल्या. एकतीस वर्षं लोकांनी त्यांना विश्वासाने सांगितलं होतं, आम्ही हे शोधतोय, ते शोधतोय. त्यातलं एक जरी त्यांच्या हातून खोटं ठरलं आणि त्या गप्प बसल्या, तर उद्या दारात येणाऱ्याला कुठल्या तोंडाने विचारायचं, हे त्यांना कळेना. आणि मुलीचा तो फुललेला चेहरा काही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मंगळवारी सकाळी त्या आयुष्यात पहिल्यांदा अर्थशास्त्राची इमारत शोधत निघाल्या. दोनदा चुकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मुलगी कागदांच्या ढिगात बसली होती. मावशींनी चकती टेबलावर उलटी ठेवली, फळी काढली आणि दोन्ही तुकडे दाखवले.

"हा तू सांगितलेला. हा माझ्या चुकीचा. चकती पहिल्या दिवसापासून सरळ आहे. तुला कोणी फसवलं नाही बाळ, माझ्या हातांनी घात केला."

मुलीला आधी कळलंच नाही. मग तिने चकती भिंतीला टांगली आणि फिरवत राहिली. शंभर, दोनशे. मावशी दाराशी उभ्या. निळं-पांढरं निम्मंनिम्मं येत गेलं.

"पण माझ्या कागदांवर तर सगळ्यांना पांढरंच जास्त आलंय," ती पुटपुटली. तिने कागद ओढले, उलटेपालटे केले आणि मध्येच थांबली. "उठणार कोण? ज्याची हार चालू आहे तोच. जिंकणारा कशाला उठेल? आणि न उठलेल्यांचे कागद मी वेगळे बांधून ठेवलेत. ते यात धरलेच नाहीत." तिने डोकं हातात धरलं. "मावशी, तुम्ही जा आता."

मावशी गेल्या. शुक्रवारचं सादरीकरण रद्द झालं. मुलीच्या मार्गदर्शकांनी वर्कशॉपला एक पत्र पाठवलं, त्यात "अक्षम्य निष्काळजीपणा" असे शब्द होते. मावशींनी ते पत्र कामाच्या वहीत, त्याच पानावर चिकटवलं. त्यांना वाईट वाटलं, लाज वाटली, आणि मुलगी कँटीनमध्ये दिसली की त्या मान खाली घालून बाजूने जाऊ लागल्या. नवरा म्हणाला, "सांगितलं होतं मी." त्या "हो" म्हणाल्या.

दोन महिन्यांनी मुलगी वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. बारीक झाली होती. हातात चिठ्ठी होती.

"मावशी, सरळ चकतीसमोर बसून सत्तर टक्के लोक म्हणाले, आम्हाला फसवतायत. अगदी छातीठोकपणे. काही तर माझ्यावर ओरडले. मला वाटत होतं त्याहून हे मोठं निघालंय. वर्ष वाढवून मिळालंय मला."

मावशींनी फडक्याला हात पुसले.

"दोन चकत्या हव्यात. दिसायला हुबेहूब. एक सरळ, एक लबाड. आणि कुठली कोणती, ते मला सांगायचं नाही."

"तुला नाही?"

"मला तर मुळीच नाही. मला माहीत असलं की माझ्या तोंडावर दिसतं आणि लोक तेच वाचतात. वर्षभर ते फक्त तुम्हाला माहीत असेल. शेवटी तुम्ही सांगाल ते खरं धरून मी प्रबंध लिहीन."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एवढं सगळं झाल्यावर? दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"दुसऱ्या कुणाची चूक झाली तर तो मला सांगेल का, ते मला माहीत नाही," मुलगी म्हणाली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. "तुमचं माहितेय."

मावशींना रडू आवरेना. मुलीला दिसू नये म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या आणि त्यांनी लेथ सुरू केला. त्यावर काहीही लावलेलं नव्हतं.