फुकट गेलेली वाइन

जालन्यात एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या भावाचं वाइन शॉप होतं. नावालाच वाइन, खपायची ती बिअर आणि व्हिस्की. घनसावंगीकडं आमचा मळा होता आणि आबा तिथं खास वाइनचीच द्राक्षं पिकवायचे, तरी मुलाच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "मी फळ इकतो. पुढं त्याचं काय व्हतं, ते मला सांगू नका." सोयीचं सोवळं! मी तोंडावर चिडवायची, पण भावाला ते फार लागायचं.

आबांनी एकदा तरी यावं म्हणून भावानं आमची द्राक्षं घेणाऱ्या कारखान्याची वाइन मागवली आणि समोरच्या फळीवर मांडली. कुणी हात लावेना. "एवढ्यात तर व्हिस्कीचा खंबा येतो," लोक म्हणायचे. भाव उतरवला, तर म्हणाले, "स्वस्त हाय म्हंजी काहीतरी गडबड असंल." तशात समोर नवं दुकान उघडलं आणि प्रत्येक बाटलीमागं पैसे कमी घेऊ लागलं. आमचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडं जायला लागलं. भावानं घाबरून फळीवर कागद चिकटवला: व्हिस्कीवर वाइन फुकट. बाटल्या भराभर गेल्या.

नेमके तेव्हाच आबा आले. तपासणीसाठी मीच त्यांना जालन्याला आणलं होतं. दवाखान्यातून निघताना स्वतःहून म्हणाले, "चल, पोराचं दुकान पाहू." भाऊ गल्ला सोडून बाहेर धावला, हात धरून त्यांना आत नेलं, फळी दाखवली. कागदाचं त्याला भानच राहिलं नाही. आबांनी चष्मा लावून तो वाचला. मला वाटलं, आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं.

"फुकट नेणाऱ्यायनं चांगली हाय म्हनलं का रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

फुकटात मिळालेल्या वस्तूबद्दल सांगायला कोण परत येतं? भावाचा तो पडलेला चेहरा मला अजून सहन होत नाही.

तपासणीत निघालेल्या दुखण्यानं आबा अंथरुणाला खिळले. बोलणं जड झालं होतं. एका दुपारी भाऊ उशाशी बसलेला असताना त्यांनी हळूच विचारलं, "आंबट व्हती का गोड?"

भाऊ माझ्याकडं पाहू लागला, मी त्याच्याकडं. आमच्या घरात ती वाइन कुणी चाखलीच नव्हती. आबा वाट पाहत राहिले.