सोनाळ्याच्या याकोबचं घर

आता माझी फजिती ऐकायचीच असेल तर आधी कप खाली ठेवा. नाही तर चहा नाकात जाईल, आणि ते पापही माझ्याच माथी!

मी पुण्यात पाळक व्हायला शिकतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षी कॉलेजनं आम्हाला एकेका खेड्यात परीक्षेचा उपदेश करायला पाठवलं. मला मिळालं थेट बुलढाणा जिल्ह्यातलं वरवट बकाल! उपदेश ऐकून तिथल्या चर्चचे पंच चिठ्ठी लिहिणार, आणि त्या चिठ्ठीवर माझं पास-नापास. जेवण जाईना हो मला!

पण माझ्याकडे एक हुकमी अस्त्र होतं. दाखल्यांची वही! उपदेशात पेरायच्या छोट्या गोष्टी, थोरामोठ्यांची वाक्यं, सगळं उतरवून घेतलेलं. क्षमेवर हवंय? पान सात. लोभावर? पान बारा, आणि शिवाय समासात दोन!

आमचे सर सांगायचे, "सुरुवातच दाखल्यानं करा, बायबल उघडून शास्त्रपाठ मागाहून. आणि दाखला लोकांच्या मातीतला करा."

वहीत एका परदेशी सुताराची गोष्ट होती. त्याचं घर जळतं. शेजारी नुसतं 'अरेरे' म्हणत उभे राहतात, आणि एक म्हातारी मात्र काही न बोलता गरम पेज घेऊन येते. तात्पर्य, अरेरेनं पोट भरत नाही. झकास ना? आता तिला फक्त मातीतली करायची. जाताना जळगाव जामोदच्या स्टँडवर समोर सोनाळ्याची गाडी उभी होती. झालं! गाव सोनाळा. आणि सुताराचं नाव? याकोब. बायबलातलंच, कुणाला खटकणार?

रविवारी मंदिर, म्हणजे तिथलं चर्च, गच्च. पंच लूकसकाका, पांढऱ्या मिशांचे कास्तकार, सूचना सांगत होते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बकरी सापडली. ते बसले, मी उठलो. बायबल मिटलेलंच ठेवलं आणि एकदम आवाज चढवला, "बंधुभगिनींनो! परवा दुपारी सोनाळ्यात याकोब सुताराचं घर जळून खाक झालं!"

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हंबरडाच फोडला.

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! पहिल्याच वाक्याला रडवलंस! मग काय, चढलोच मी. "तवा-परातीचा गोळा झाला! उरली फक्त दाराची चौकट!"

"आन् लेकरं?" ती बाई किंचाळली.

"लेकरं वाचली!" मी उदारपणे सांगून टाकलं. माझ्या बापाचं काय जात होतं?

"आन् शेजारी काय करून राह्यले होते?" लूकसकाका गरजले.

"शेजारी? अरेरे म्हणत उभे होते!"

"अरेरे? उठा बे सगळे! बंडी जुपा!"

माणसं उठली, बाया उठल्या. मला वाटलं, पश्चात्ताप करायला पुढे येतायत. पण सगळे दाराकडे!

"अहो थांबा! अजून म्हातारी यायचीय, पेज घेऊन!"

"येऊ द्या तिले! तुम्ही चाला." लूकसकाकांनी माझा दंड धरला. "याकोब सुतार म्हंजे ह्या मार्थाबाईचा सख्खा भाऊ हाय. तुम्ही डोयानं पाह्यलं ना, मास्तर?"

अहो, सोनाळ्यात खराखुरा याकोब सुतार निघाला! इथं खरं बोलायला माझ्याकडे पुरता एक क्षण होता. पण डोळ्यांपुढे ती चिठ्ठी! आणि मी काय म्हणालो? "म्हणजे... तसं... हाव!" भीतीनं माझी पुणेरीसुद्धा पळाली!

बैलबंडीत ज्वारीचं पोतं पडलं, वाकळा पडल्या, भाकरींची चवड आली. शेजारच्या पाटलीणबाईंनी मंदिरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनीही दोन लुगडी दिली. एकानं तर आख्खं दार आणून टाकलं! म्हणे, "चौकट हाय ना? मंग दार लागन."

वाटभर मी प्रार्थना करत होतो. काय मागत होतो, सांगू? देवा, सोनाळ्यात लहानशी तरी आग लागू दे!

नाही लागली. याकोबभाऊ अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. मार्थाबाई त्याच्या गळ्यात पडली. मग तिनं घराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सगळ्यांनीच माझ्याकडे.

"तो... दाखला होता," मी पुटपुटलो.

"दाखला?" लूकसकाकांच्या मिशा थरथरल्या. "अरे बावा, दाखला बायबल उघडल्यावर सांगतेत! त्याच्या आंधी जे सांगतलं ते सूचना! बकरी हरवली तेई आमी तवाच सांगतो!"

"काऊन जी," याकोबभाऊनं विचारलं, "जाळाले तुमाले माहंच घर भेटलं?" आणि असा हसला की बाज करकरली. मग सगळेच हसले. भाकरी त्याच्याच अंगणात बसून खाल्ल्या. सामान परत बंडीत चढलं. दार तेवढं याकोबभाऊनं धरून ठेवलं, "हे राहू द्या, सुतार माणूस हावो मी, पारख हाय मले."

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात लूकसकाकांची चिठ्ठी उघडली आणि मोठ्यानं वाचली:

"उपदेश झाला नाही. सूचना एक झाली, ते खोटी निंगाली. म्हणून पोरगा नापास. तरी त्याले पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवा. मंदिराच्या छपराचे कवेलू फुटले हायेत. मी तीन वर्षांपासून खरं सांगून राह्यलो, त कोणी जाग्यावरून हालत नाही."